शाळा संपल्यावर सोमवारी सकाळी ती कुठं जाणार?

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आईचं आहे. वहीची पाच पानं भरून लिहिलंय, सगळं देणं शक्य नाही म्हणून त्यातलं मुख्य तेवढं देते.

"नमस्कार ताई, माझी थोरली लेक गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली. घरात आम्ही तिला छकू म्हणतो. सर्टिफिकेटवर बौद्धिक अक्षमता, ५० टक्के असं आहे. आठ वर्षं विशेष शाळेत जाते, शाळा तिला लई आवडते, रविवारी पण दप्तर भरून बसते. परवा बाईंनी सांगितलं की अठरानंतर शाळेत ठेवता येत नाही, पुढचं आत्तापासनं बघा. तेव्हापासनं मला रात्री झोप नाही. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, धाकटा नववीत आहे. छकू स्वतःची अंघोळ, जेवण सगळं करते, पण वेणी मी घालते, गॅसजवळ जाऊ देत नाही, गल्लीच्या बाहेर एकटी कधी सोडली नाही. सासूबाई म्हणतात पोरीच्या जातीला कुठं पाठवता, घरातच राहू दे. जाऊबाई म्हणतात गर्भाची पिशवी काढून घ्या, घोर मिटला. एक पाहुणे म्हणाले चांगलं घर बघून लग्न लावून टाका. मला एवढंच सांगा, तिला नोकरी लागेल का, कुठला कोर्स करावा, आणि आमच्या माघारी तिचं काय?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एका ओळीवर थांबले, रविवारी पण दप्तर भरून बसते. तुम्ही सहज लिहून गेलाय पण सगळं त्यातच आहे. तिला सकाळी आवरून कुठंतरी जायचं असतं, तिथं तिची माणसं असतात, तिचं काहीतरी काम असतं. तुम्ही विचारलंत नोकरी लागेल का आणि कोर्स कुठला, त्याचं उत्तर देते, पण आधी मी तुम्हाला विचारते, शाळा संपली की त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता छकू कुठं असेल? ह्याचं उत्तर तयार नसेल तर बाकी कितीपण सर्टिफिकिटं जमवा, ती घरात टीव्हीसमोर बसणार.

हे मी घाबरवायला म्हणत नाही, बघितलंय म्हणून म्हणते. बावीस वर्षं विशेष शाळेत शिकवलं मी. माझ्या वर्गातली एक मुलगी होती, अठरा झाली, निरोप समारंभ झाला, साडी नेसून फोटो काढले, आम्ही सगळे रडलो आणि घरी गेलो. दोन वर्षांनी मी तिच्या घरी गेले तर पोरगी खिडकीत बसलेली. वजन वाढलेलं, बोलणं जवळजवळ बंद. शाळेत जी स्वतः डबा धुवून पिशवीत ठेवायची तिला आई घास भरवत होती. मला बघून ती उठली, आत गेली आणि जुना युनिफॉर्म घेऊन बाहेर आली. काही बोलली नाही, नुसता माझ्यासमोर धरला. त्या पोरीला दहा वर्षं आम्ही शिकवलं पण अकराव्या वर्षाची तयारी करून दिली नाही, हा आमचा दोष होता, तिच्या आईचा नव्हता. तेव्हापासनं मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या आयांच्या मागं लागते. तुमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत ताई, उशीर झालेला नाही.

आता शाळा अठराला का थांबते ते आधी सांगते, म्हणजे बाईंवर राग राहायला नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. अठरानंतर शाळेचा विषय संपतो आणि कार्यशाळा, प्रशिक्षण, काम हा विषय सुरू होतो, आणि ते आपोआप कुणी दारात आणून देत नाही, आपणच हुडकायला लागतं. म्हणून शाळेत जाऊन बाईंना सांगा की उरलेल्या दोन वर्षांत मला अक्षरं-अंक कमी चालतील, पण छकूला पैसे, घड्याळ, बस, स्वयंपाक आणि हाताचं काम द्या. सोळाव्या वर्षी सुद्धा 'क कमळाचा' गिरवून घेत असतील तर ते थांबवायला लावायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पण निम्मी तयारी शाळेत नाही, तुमच्या घरात व्हायची आहे आणि ती थोडी अवघड आहे, कारण तिथं तुम्हाला तुमचा हात मागं घ्यायला लागणार. वेणी मी घालते, गॅसजवळ जाऊ देत नाही, गल्लीबाहेर सोडत नाही, हे सगळं मायेपोटी आहे हे मला कळतं. सकाळी सातला मिस्टरांचा डबा, धाकट्याची शाळा, पाणी जायची वेळ, त्यात छकूला वेणी घालू द्यायला वीस मिनिटं कुणाकडं आहेत. मग रविवारी करा की, आठवड्यातनं एकदा, पण करा.

चहाचं उदाहरण घेते कारण कोल्हापुरात दिवसातनं चारदा होतो. आपल्याला वाटतं चहा म्हणजे एक काम, पण मोजा, पातेलं घ्यायचं, कपानं पाणी मोजायचं, ठेवायचं, गॅस पेटवायचा, पावडर, साखर, उकळी बघायची, दूध, परत उकळी, गॅस बंद, गाळणी धरून कपात ओतायचं. अकरा कामं झाली. आपण काय करतो, पहिल्यापासनं शिकवायला जातो, पोर तिसऱ्या पायरीला गोंधळतं, आपण म्हणतो राहू दे मी करते. विशेष शिक्षणात आम्ही उलटं करतो, शेवटाकडनं शिकवतो. सगळा चहा तुम्ही करा, फक्त शेवटची पायरी तिची, गाळणी धरून ओतायचं आणि आजीला नेऊन द्यायचं. तीन-चार आठवडे फक्त एवढंच. म्हणजे दर वेळी काम पूर्ण तिच्या हातनं होतं आणि आजी म्हणते आज छकूनं चहा दिला. ते पक्कं झालं की गॅस बंद करणं आणि ओतणं. मग दूध घालण्यापासनं. गॅस पेटवणं सगळ्यात शेवटी येतं, तोपर्यंत तिची त्या शेगडीशी ओळख झालेली असते आणि तुमची भीती पण कमी झालेली असते. सुरुवातीला लाइटरची भीती वाटत असेल तर इंडक्शनवर करा, काही बिघडत नाही. साखरेच्या डब्यात एकच चमचा ठेवा, पाणी मोजायला एक ठरलेला कप ठेवा, त्याला लाल टेप लावा. वाचता न येणाऱ्या मुलांना रंग आणि जागा ह्या दोन गोष्टी अक्षराइतक्याच कामाच्या असतात.

बस पण अशीच शिकवायची. मी एका मुलाला केएमटीनं, म्हणजे आपल्या महापालिकेच्या बसनं, एकट्यानं यायला शिकवलं त्याला पाच महिने लागले आणि त्याची आई पहिल्या दिवशी माझ्यावर चिडली होती. आधी महिनाभर दोघांनी शेजारी बसून जायचं, त्याच बसनं, त्याच वेळी, त्याच स्टॉपवरनं, आणि प्रत्येक वेळी खुणा दाखवायच्या, हा पुतळा दिसला की उठायचं, हे दुकान आलं की दारापाशी यायचं. मग आपण मागच्या सीटवर, तो पुढं, तिकीट त्यानं काढायचं. मग त्याला चढवायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उतरायच्या स्टॉपवर उभं राहायचं. मग शेवटी त्याचे वडील मोटरसायकलवरनं बसच्या मागं मागं आले, त्याला न सांगता, सलग आठ दिवस. नवव्या दिवशी आले नाहीत. कंडक्टरना सांगून ठेवलेलं होतं, नेहमीच्या रूटला तीच माणसं असतात, ओळख होते, एक कंडक्टर तर स्टॉप आला की लांबनंच त्याच्या नावानं हाक मारायचे. तुम्ही मिरजकर तिकटीच्या स्टॉपपर्यंत चालत जाण्यापासनं सुरू करा, बस नंतर. आणि पहिली गोष्ट, तिला स्वतःचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, पेठ आणि तुमचा मोबाईल नंबर पाठ पाहिजे. घरात छकू म्हणा, मला पण ते नाव आवडलं, पण चुकून भलत्या स्टॉपवर उतरली आणि कुणी विचारलं नाव काय तर छकू म्हणून कोण ओळखणार? नंबर पाठ होत नसेल तर कार्ड लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवा, आणि बटनांचा साधा फोन द्या ज्यात एक दाबलं की आई, दोन दाबलं की पप्पा.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही, त्यांना उडवून लावू नका. जग कसं आहे ते त्यांनी आपल्यापेक्षा जास्त बघितलंय. पण घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित असं समजू नका, अशा मुलींना त्रास देणारा माणूस बऱ्याचदा ओळखीतलाच निघतो, शेजारचा, नात्यातला, रोज येणारा-जाणारा. मुलीला खरं वाचवते ती तीन गोष्टींची समज, माझं शरीर माझं आहे, नाही म्हणता येतं, आणि काही झालं तर आईला सांगायचं आणि आई रागावणार नाही.

ह्यातलं 'नाही' सगळ्यात अवघड आहे आणि त्याचं कारण आपण आहोत. छकू गुणी आहे असं तुम्ही लिहिलंय, सांगेल ते ऐकते. ताई, जी मुलगी सोळा वर्षं प्रत्येकाचं ऐकत आली, जिला कुणी कधी विचारलं नाही की तुला हिरवा ड्रेस पाहिजे का निळा, तिला अचानक एखाद्या माणसाला नाही कसं म्हणता येईल? ते आधी घरात म्हणायला मिळालं पाहिजे. कारल्याची भाजी नको म्हणाली तर नको राहू दे. पाहुण्यांच्या पाया पडायला गेली पण मिठी नको म्हणाली तर ओढू नका, उलट सगळ्यांसमोर म्हणा, बरं केलंस सांगितलंस. एक कागद घ्या, मधे तिचा फोटो लावा, भोवती गोल काढा. पहिल्या गोलात आई-पप्पा-आजी-भाऊ, ह्यांना मिठी चालते. दुसऱ्यात मामा, काकू, शाळेतल्या बाई, ह्यांना हात मिळवायचा. तिसऱ्यात दुकानदार, कंडक्टर, शेजारी, ह्यांना लांबनं नमस्कार. आणि बाहेर अनोळखी, त्यांच्याबरोबर कुठं जायचं नाही, खाऊ घ्यायचा नाही. फोटो चिकटवा, भिंतीवर लावा, रोज बोला. अंगाच्या अवयवांची खरी नावं शिकवा, टोपणनावं नकोत, कारण काही घडलंच तर तिला नीट सांगता आलं पाहिजे.

आणि पिशवी काढायची गोष्ट, ती डोक्यातनं पूर्ण काढून टाका. जाऊबाई वाईट हेतूनं म्हणाल्या नसतील, आपल्याकडं हे सर्रास सुचवलं जातं, मी स्वतः आयांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. पण पिशवी काढल्यानं पाळी थांबते, कुणाचा वाईट हात थांबत नाही, उलट काही झालं तरी कळणार नाही अशी सोय होते. कायद्यात पण स्पष्ट आहे, २०१६ च्या कायद्याचं कलम १०, दिव्यांग व्यक्तीची तिला समजावून तिची स्वतःची संमती घेतल्याशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार तिच्यावर करता येत नाही. आणि पाळीचं शिकवता येतं हो, माझ्या वर्गातल्या बहुतेक सगळ्या मुली शिकल्या. निकरवर पॅडच्या आकाराची रेघ रंगीत दोऱ्यानं घालून घ्या, शिवणकाम तर तुमच्या हातातच आहे, म्हणजे कुठं लावायचं ते तिला दिसतं. बाथरूमच्या दाराला आतनं चार चित्रं लावा, काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, हात धुवायचे. पॅडची पिशवी कायम एकाच खुंटीला. पाळी नसताना पण महिन्यातनं दोनदा सराव करा, पॅडवर थोडं लाल सरबत टाकून दाखवा. चार-सहा महिन्यांत जमतं.

लग्नाचं मी थोडक्यातच सांगते. अठराच्या आत तर कायद्यानंच नाही. पुढं कधी तिला स्वतःला वाटलं, समजून-उमजून, समोरच्या घराला सगळं खरं सांगून, तर तो तिचा विषय. पण आपला घोर मिटावा म्हणून, काहीतरी लपवून, दुसऱ्याच्या घरात ढकलायचं हे नको. अशा परत आलेल्या मुली मी बघितल्यात आणि परत येताना त्या जाताना होत्या तशा नव्हत्या.

आता नोकरी. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला एक टक्का बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार, एकापेक्षा जास्त अपंगत्व अशा गटांना मिळून आहे, पण शिक्षणाच्या अटी राहतात, त्यामुळं छकूसाठी त्यावर भिस्त ठेवू नका असं माझं मत. दहावी करायचीच म्हणत असाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातनं, म्हणजे एनआयओएसमधनं होते, एकेक-दोन-दोन विषय देत पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. तिला वाचायची आवड असेल तर जरूर करा. पण नुसतं शेजाऱ्यांना सांगायला दहावी पास पाहिजे म्हणून तिची ही दोन वर्षं त्यात घालवू नका.

तिच्यासाठी मला दोन वाटा दिसतात. एक कार्यशाळा, म्हणजे अठरापुढच्या मुलांसाठी रोज जायची जागा, तिथं पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या, फाईली, पॅकिंग अशी कामं असतात. शेंडा पार्कला चेतना विकास मंदिर आहे, तिथली कार्यशाळा आत्ताच जाऊन बघून या, छकूला घेऊन, आणि प्रवेशाचं कसं असतं, जागा कधी होतात ते विचारा, अठरा व्हायची वाट बघू नका. एका जागी ठरवू नका, जिल्ह्यात अजून आहेत, तुमच्या शाळेच्या बाईंना यादी माहिती असते. बघायला गेलात की एक गोष्ट बघा, मुलांच्या हाताला खरंच काम आहे का, का रंगीत कागद देऊन नुसती बसवलेली आहेत. आणि केलेल्या कामाचे थोडे का असेना पैसे मुलांच्या हातात देतात का.

दुसरी वाट, बाहेरचं छोटं काम. माझी एक विद्यार्थिनी आता सव्वीस वर्षांची आहे, तिला वीसच्या पुढं मोजता येत नाही. ती एका काकूंच्या घरगुती चटणी-मसाल्याच्या युनिटमध्ये पॅकिंग करते. कसं, तर आम्ही एक फळी केली, त्यावर दहा गोल काढलेले. एका गोलात एक पाकीट ठेवायचं, सगळे गोल भरले की रबर लावून एक गठ्ठा, मग तो खोक्यात. मोजायची गरजच राहिली नाही. वजनाला काट्यावर जिथं पाव किलो येतं तिथं लाल पट्टी चिकटवली, काटा लाल पट्टीवर आला की थांबायचं. त्या काकू पहिल्यांदा तयार नव्हत्या, मी म्हटलं आठ दिवस बघा, मी रोज येऊन तिच्याशेजारी बसते, पगार देऊ नका. आता त्या म्हणतात ही सुट्टी घेत नाही, गप्पा मारत बसत नाही, आणि तिचं पाकीट कधी कमी भरत नाही. एकच सांभाळायला लागतं, कुणी चल चल आटप म्हणून मागं लागलं की ती गोंधळते. शनिवारी पगार होतो, आई तिच्याबरोबर बँकेत जाते, थोडे ती स्वतःकडं ठेवते आणि रविवारी रंकाळ्यावर भावाला भेळ देते. स्वतःच्या पैशानं. भावाला पैसे काढू देत नाही.

अशी कामं आपल्याकडं आहेत ताई. हुपरीला चांदीच्या पैंजणाची कितीतरी जोडणी घराघरांत बायका करतात, चपलेच्या वेण्या घालायचं काम घरात होतं, पापड-शेवयांचे बचत गट आहेत, बेकऱ्या आहेत. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे तुमचं शिलाई मशीन! ब्लाऊजला हुक लावणं, काज करणं, धागे कापणं, घडी घालून पिशवीत भरणं, हे छकूला आजपासनं देता येईल. पाच ब्लाऊजच्या हुकांचे पैसे तिला वेगळे द्या, रोख, तिच्या पर्समध्ये. फक्त कायम तुमच्याच मशीनशेजारी बसवू नका, ती घरातली शाळा समजा, जायचं बाहेरच आहे.

बाहेर जायचं म्हणताना नसीमादीदी हुरजूक आठवतात. ऐन तरुणपणी पायातली ताकद गेली, व्हीलचेअर आली, आणि १९८४ साली त्यांनी आपल्याच कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केलं, उचगावला शाळा-वसतिगृह झालं, पुढं सिंधुदुर्गात काजूचा उद्योग. ते काम मुख्यतः शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीचं, छकूसाठी थेट नाही. पण त्यांनी शिक्षण, राहणं आणि रोजगार हे तिन्ही एका दोरीत ओवलं, नुसती शाळा काढून थांबल्या नाहीत, हे आपण सगळ्यांनी त्यांच्याकडनं घ्यायला पाहिजे.

कागदपत्रांचं आता भराभर सांगते, लिहून घ्या. छकूचं आधारचं बायोमेट्रिक पंधरानंतर अपडेट करायला लागतं, केलं नसेल तर आत्ता सतराच्या आत करा, फुकट होतं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट बौद्धिक अक्षमतेत अठराव्या वर्षी परत करायला लागतं आणि अठराला मिळालेलं मग आयुष्यभर चालतं, त्यामुळं वाढदिवस झाला की स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, तपासणीची तारीख घ्या, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर तेही त्यातच होतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, फक्त दर वर्षी रिन्यू करायला विसरू नका. संजय गांधी निराधार योजनेत बसता का ते तहसीलमध्ये विचारा, उत्पन्नाची अट आहे. महापालिकेला पण दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, त्यातनं काय मिळतं ते तिथं जाऊन विचारायचं, लाजायचं नाही. एसटीला ७५ टक्के सवलत आहेच.

एक गोष्ट बऱ्याच आईवडलांना माहितीच नसते. मुलगी अठरा झाली की कायद्यानं तुम्ही तिचे आपोआप पालक राहत नाही. मूल कसंही असो, कितीपण टक्के असो. मग बँकेत, जमिनीच्या कागदावर अडतं. त्यासाठी नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचं पत्र घेता येतं आणि ते बँकेत चालतं. पण माझं मत विचाराल तर छकूसारख्या मुलीच्या बाबतीत घाई करू नका. आधी ठरवा नेमकं कशासाठी पाहिजे. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व पण आहे, म्हणजे ठराविक गोष्टीपुरतं, तिच्याशी बोलून, दोघांनी मिळून निर्णय. तिचं रोजचं जे ती ठरवू शकते ते तिच्याकडंच राहू दे. आणि अठरा झाली की मतदार यादीत तिचं नाव घाला. कोर्टानं वेगळं ठरवलेलं नसेल तर तिला मताचा हक्क आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं पहिल्यांदा मत टाकलं आणि बोटावरची शाई पुसू नये म्हणून दोन दिवस डाव्या हाताला पाणी लागू दिलं नाही.

राहिलं आमच्या माघारी काय. तुम्ही पत्रात खाली लिहिलंय धाकटा बघेल की. ताई, तो चौदा वर्षांचा आहे, त्याच्यासमोर हे वाक्य म्हणू नका. मोठा झाल्यावर तो आनंदानं बघेल सुद्धा, पण आत्तापासनं ते ओझं म्हणून दिलं तर त्याला बहिणीचाच राग यायला लागतो. त्याला फक्त बहिणीबरोबर रोजचं काहीतरी द्या, बस स्टॉपपर्यंत दोघांनी जायचं, बस. आणि मिस्टरांना घेऊन वकिलाकडं एकदा जा, दोघांचं मृत्युपत्र करा, छकूच्या वाट्याचे पैसे कोण सांभाळणार, एकटा नाही तर दोघेजण, ते नावानिशी लिहा. गरज पडली तर तिच्यासाठी छोटा खाजगी ट्रस्ट करता येतो. आणि शाळेतल्या तिच्याच वयाच्या मुलींच्या आयांना गाठा, महिन्यातनं एकदा एकमेकींच्या घरी बसा. एका मुलीला काम मिळतं ते तिला मिळतं, पण चार आया मिळून गेल्या तर एखादा बेकरीवाला पण चार पोरींचा विचार करतो, आणि बसमध्ये त्या चौघी एकत्र असतात.

वेणीचं राहिलं. केस लांब आहेत म्हणून जमत नसेल तर तिला विचारा, केस कापायचे का, पोनी घालायची का. कदाचित ती नाही म्हणेल, कदाचित तिला तुमच्याकडनं वेणी घालून घेणं आवडत असेल, मग ते तेवढं राहू दे, सगळंच सोडवायला पाहिजे असं नाही. पण विचारा.

येत्या रविवारी गाळणी तिच्या हातात द्या, सांडेल, कपाखाली ताट ठेवा. आणि दोन महिन्यांनी मला परत लिहा, कुठल्या स्टॉपपर्यंत पोचलात ते.